हवालदाराचं रक्त

सलूनवाले काका मुळातच भित्रे. गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर रक्ताचा ठिपका उमटला, तर तुरटी फिरवताना त्यांचाच चेहरा पांढरा पडायचा.

त्यांचा बोका मात्र दांडगा. दारातल्या खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे संशयानं बघायचा, म्हणून त्याचं नाव हवालदार. लस टोचायला नेला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्तही तपासलं. गट दुर्मीळ निघाला. या गटाच्या मांजराला दुसऱ्या गटाचं रक्त चढवलं तर ते दगावतं, वेळ आली तर रक्त द्यायला याला बोलावू का, असं त्यांनी विचारलं. काका भिडेपोटी हो म्हणाले आणि मनातल्या मनात पस्तावले.

ती वेळ एका दुपारी आली. बेकरीत काम करणाऱ्या बाईंच्या मांजरीच्या पोटात उंदराचं औषध गेलं होतं, आतल्या आत रक्त वाहत होतं. डॉक्टरीणबाईंनी सगळीकडे विचारून पाहिलं होतं. याच गटाचं दुसरं मांजर नव्हतं. दुकानात गर्दी आहे, बोका आत्ताच जेवलाय, असं काहीबाही काका फोनवर सांगू लागले. काकूंनी तोवर बोक्याला न्यायची टोपली खाली काढली होती.

"नाही म्हणायचं तर म्हणा," त्या म्हणाल्या. "पण मग त्या बाईंना तुम्हीच सांगा."

दवाखान्यात त्या बाई मांजरीला टॉवेलात धरून बसल्या होत्या. बाह्यांना पीठ तसंच. त्यांनी विनवणी केली नाही, नुसतं हवालदाराकडे बघितलं.

धोका आहे का, काकांनी विचारलं.

"थोडा असतोच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू?"

गुंगीच्या इंजेक्शननं हवालदार लोळागोळा झाला. मानेचे केस काढायचे होते. मशीन काकांनी घेतलं. उभा जन्म लोकांच्या माना भादरण्यात गेलेला, पण आज डाव्या हातानं उजवं मनगट धरावं लागलं. मग सुई शिरली. काळपट रक्त वर चढलं. काकांना घेरी आली नाही. बोक्याची छाती हलतेय की नाही, एवढंच ते बघत राहिले.

रक्त थेंबथेंब मांजरीत उतरू लागलं. हळूहळू तिनं मान उचलली. हवालदार मात्र उठेना. डॉक्टरीणबाईंनी त्याचे कान चोळले, छातीला नळी लावली, पुन्हा लावली. काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळानं शेपटीचं टोक हललं. मग हवालदारानं डोळे किलकिले केले आणि तो काकांच्या शर्टावर ओकला. काका तिथंच जमिनीवर बसले आणि रडले.

मांजरी वाचली. पुढच्या आठवड्यात त्या बाई सलूनमध्ये आल्या, भादरलेल्या मानेच्या हवालदारासमोर उकिडव्या बसून राहिल्या.

"पुन्हा कुणी मागितलं तर मी हो म्हणेनच असं नाही," काका म्हणाले.

"मी तर पहिल्यांदाही हो म्हटलं नसतं," बाई म्हणाल्या.