सोललेली गाठ

डब्यात, फॉर्मॅलिनमध्ये, लिंबाएवढी गाठ होती. सोललेली. भोवती फुप्फुसाचा कणही नाही. मी सर्जनना फोन लावला.

“सर, मार्जिन कुठंय?” मार्जिन म्हणजे गाठीभोवतीची चांगल्या मांसाची कड.

“सगळा पसारा काढून स्वच्छ गाठ पाठवली, मॅडम. तुमचंच काम कमी केलं.”

“आणि काढलेलं?”

“पिवळ्या पिशवीत, दवाखान्याच्या कचऱ्यात. गाडी सकाळीच घेऊन गेली.”

मी पॅथॉलॉजिस्ट. वाशी गावातल्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सर्जन तिसऱ्या पिढीचे डॉक्टर. त्यांना हे मी शिकवायचं?

कॅन्सरची गाठ एकटी पसरत नाही. तिच्या पेशी शेजारच्या चांगल्या पेशींना रासायनिक निरोप धाडतात. त्या निरोपावर कुणी नवी रक्तवाहिनी आणून देतं, कुणी वाट मोकळी करतं. राखणीच्या पेशीही गप्प बसतात. या फितुरीच्या खुणा जास्त करून कडेलाच दिसतात. कॅन्सर कडेपर्यंत पोचलाय का, तेही तिथंच कळतं. आणि कडच कचऱ्यात. तिच्याशिवाय रिपोर्ट कसा द्यायचा, मी सरांना विचारलं.

“मग ‘मार्जिन क्लियर’ लिहा की. मी स्वतः कापलंय, मला दिसलंय.”

“नुसत्या डोळ्यांना दिसत असतं, तर मी मायक्रोस्कोप कशाला घेतला असता?”

त्यांनी फोन ठेवला. मी रिपोर्टमध्ये लिहिलं: मार्जिन तपासता आली नाही.

दोन दिवसांनी पेशंट स्वतः आले. ढोकीचे महादप्पा, ट्रॅक्टर चालवतात.

“ताई, डाक्टर म्हणले, तुमीच रिपोर्टात खोडा घातलाय.”

डोकं तापलं होतं, तरी मी कागदावर गाठ काढली, भोवती कड काढली आणि झालेलं सगळं सांगितलं.

“आता काय?”

“सोलापूरचे कॅन्सरचे डॉक्टर बहुतेक रेडिएशन देतील, काका. कदाचित गरज नसेलही. पण ते सांगणारा तुकडाच गेला.”

त्यांनी कागदावरच्या कडेवर बोट ठेवलं. “म्हंजी बांध नांगरून टाकला, आन आता इचारतेत शेजारी किती आत आला.”

“व्हय.”

“आन भोगायचं म्या.”



रेडिएशन पूर्ण झालं. छातीत आग, घास गिळवेना, ट्रॅक्टर दारात उभा. रेडिएशनची गरज होती का, हे आता कुणालाच कळणार नाही.

सरांच्या दवाखान्याला मी रिकामे डबे पाठवते, त्यावर आता चिठ्ठी असते: ‘गाठ सोलू नये. पसाऱ्यासकट पाठवावी.’ सर म्हणाले, हा अपमान आहे. असेल. पण तेव्हापासून कड येते.