हमालानं धाकट्याला का मारलं

शिवणकाम करायची मी, आणि मास्तर म्हणायचे त्यांना. आमच्या कुस्तीच्या हॉलवर नवा आलेला पैलवान कपडे उसवले की शिंपी समजून हमखास त्यांच्यासमोर जाऊन उभा राहायचा, आणि ते मान वर न करता माझ्या मशीनकडे बोट दाखवायचे. फार पूर्वी ते टायपिंगच्या क्लासात शिकवत होते. क्लास बंद पडला, नाव तेवढं चिकटून राहिलं.

मास्तर आमच्या कुस्त्यांच्या गोष्टी लिहायचे. आमची कुस्ती म्हणजे खेळ कमी आणि नाटक जास्त. कोण जिंकणार, कोण हरणार, कोण कुणाला दगा देणार, हे सगळं आधी ठरलेलं. पडणं खरं, लागणं खरं, निकाल मात्र लिहून आणलेला. बघणाऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं, तरी ती माणसं घसा बसेपर्यंत ओरडतात. बंद पडलेल्या बिस्किटांच्या कारखान्यात पूर्वी जिथे खोकी भरायची, त्या शेडमध्ये दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आमचा खेळ असायचा. तीनशे घडीच्या लोखंडी खुर्च्या, मधोमध रिंग. रिंगच्या कॅनव्हासला ठिगळं लावायचं कामही माझंच.

मास्तर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर शिसपेन्सिलीनं लिहायचे. लिहून झालं की घरी वहिनींना वाचून दाखवायचे. वहिनींना कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि हॉलमध्ये त्यांनी कधी पाऊलही ठेवलं नाही. भाजी चिरता चिरता ऐकायच्या आणि मध्येच विचारायच्या, "मग त्या बिचाऱ्याचं पुढे काय झालं?" ज्या पानावर त्या हे विचारायच्या नाहीत, ते पान मास्तर सरळ फाडून टाकायचे. हे त्यांनीच मला एकदा हसत हसत सांगितलं होतं.

पुढे साध्या तापाचं निमित्त झालं आणि वहिनी आठ दिवसांत गेल्या. मूलबाळ नव्हतं. मास्तर पुढच्याच शनिवारी कामावर हजर झाले. शर्टाची बटणं खालीवर लागली होती. मी सांगितलं, तर म्हणाले, "असू दे ताई, कोण बघतंय?" मला तेव्हा वाटलं, माणूस सावरलाय.

त्या वेळी आमची सगळ्यात गाजलेली गोष्ट ऐन भरात होती. तिचा नायक हमाल. तो खरोखरच धान्याच्या बाजारात पोती वाहायचा. अंगानं दांडगा, बोलण्यात अगदी गाईसारखा. पाठीवर पोतं घेऊन यायचा, रिंगच्या कोपऱ्यात ते आपटायचा आणि सगळा हॉल ओरडायचा, "एक! दोन! तीन!" त्याचा जोडीदार धाकटा. गोष्टीत त्याचा भाऊ, एरवी कुणी नाही. आणि खलनायक डॉक्टर, पांढरा कोट घालून येणारा. पोटापाण्यासाठी हा डॉक्टर मोटार चालवायला शिकवायचा आणि बायकांना ब्रेक दाबायला सांगतानाही दोनदा 'प्लीज' म्हणायचा. पण रिंगमध्ये त्याच्याकडे बघून लोक दात-ओठ खायचे. पहिल्या रांगेत बसणाऱ्या छत्रीवाल्या काकू तर बाहेर ऊन असो की आभाळ, फक्त त्याच्यावर उगारायला म्हणून छत्री आणायच्या.

गोष्ट अशी होती की डॉक्टरनं कपटानं धाकट्याचा हात मोडला, आणि हमालानं सगळ्यांसमोर सांगितलं, की याच्या कमरेचा मानाचा पट्टा काढून मी धाकट्याच्या हातात देईन. दोन वर्षं मास्तरांनी हे लांबवलं. दर वेळी हमाल पट्ट्यापर्यंत पोचायचा आणि दर वेळी काहीतरी आडवं यायचं. लोक चिडायचे, आणि पुढच्या शनिवारी दुप्पट यायचे. शेवटची कुस्ती जाहीर झाली तेव्हा खुर्च्या कमी पडल्या. हॉलच्या मालकांचा धंदाच खुर्च्या भाड्यानं देण्याचा, म्हणून निभावलं.

मास्तर मात्र त्या दिवसांत एकटेच जेवायचे, आणि जेवताना समोर फोन उभा करून ठेवायचे. आमच्या खेळाबद्दल लोक काय काय लिहितात, ते वाचत बसायचे. एक दिवस माझ्या मशीनसमोर येऊन त्यांनी फोन पुढे धरला. कुणीतरी लिहिलं होतं, 'शेंबडं पोरसुद्धा सांगेल, हमालच जिंकणार.' खाली दोनशे जणांनी हो ला हो केलं होतं.

"बघा," मास्तर म्हणाले. "सगळ्यांना कळलंय. माझी अब्रू काय राहिली?"

"कळणारच की. दोन वर्षं तुम्हीच सांगताय."

त्यांनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. चार दिवसांनी आले आणि हमालाच्या मापाचे काळे कपडे शिवायला सांगितले. वर काळा कोट, डॉक्टरच्या कोटासारखाच. "कुणाला बोलू नका," म्हणाले. काळा रंग ऐकूनच मी काय ते समजले. तरी शिवला. कोट चांगला झाला होता, हे मला आजही नाकारता येत नाही.

हमालाला हे कळलं खेळाच्या तासभर आधी. कपडे बदलायच्या खोलीत मी त्याच्या गुडघ्याच्या पट्टीला टाके घालत होते. मास्तरांनी त्याला पान वाचून दाखवलं. शेवटी हमालच धाकट्याच्या पाठीत खुर्ची घालतो, डॉक्टरशी हात मिळवतो आणि काळा कोट चढवतो.

हमालानं बुटाची नाडी बांधून घेतली. मग म्हणाला, "मास्तर, मी धाकट्याला का मारतो?"

"कारण कुणालाही तसं वाटत नाहीये. सगळे उडतील."

"ते तुमचं कारण झालं. माझं काय?"

मास्तरांनी पान उलटसुलट करून पाहिलं. "ते पुढच्या महिन्यात ठरवू," ते म्हणाले.

हमालानं मान डोलावली. लिहून आलेलं करायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. बाहेर जाताना त्यानं धाकट्याला विचारलं, "पाठ उजवीकडे दुखते ना तुझी? मग डावीकडे मारतो."

आणि मारलं. खुर्चीचा आवाज झाला, धाकटा कोसळला. आम्हाला वाटलं होतं शिव्यांचा पाऊस पडेल, बाटल्या फेकतील. मास्तर पडद्याआड मुठी आवळून त्याचीच वाट बघत होते. पण हॉलमधून चकार शब्द आला नाही. एवढ्या माणसांच्या गर्दीत वरच्या पंख्याची करकर ऐकू येत होती. हमालानं कोट घातला, तेव्हा त्याच्या बाह्या सरसर वाजल्या, तेही ऐकू आलं. छत्रीवाल्या काकू उठल्या, त्यांनी स्वेटरची बटणं एकेक करून लावली, खुर्ची घडी करून भिंतीला टेकवली आणि चालू लागल्या. मग बाकीचे उठले. कुणी भांडलं नाही, कुणी तिकीट परत मागितलं नाही.

"धक्का बसलाय त्यांना," मास्तर म्हणाले. "पुढच्या शनिवारी बघा."

पुढच्या शनिवारी अर्धा हॉल रिकामा होता. मग मास्तरांनी सारवासारव सुरू केली, आणि एक टाका उसवला म्हणून सगळी शिवण ओढावी तसं झालं. हमालाच्या डोक्याला मार लागून तो सगळं विसरलाय, असं निघालं. पंधरा दिवसांत त्याला आठवलं. मग तो हमाल नव्हताच, त्याचा जुळा भाऊ होता. मग डॉक्टर सज्जन झाला. मग धाकटा मुखवटा घालून आला, तर मुखवट्यामागे नक्की कोण हे पैलवानांनाच कळेना. सात आठवड्यांत पट्ट्यानं सहा कमरा बदलल्या. एकदा तर डॉक्टरनं मला कानात विचारलं, "ताई, आज मी चांगला आहे की वाईट?" मी म्हटलं, "कोट पांढराच दिलाय, तुमचं तुम्ही बघा." आम्ही दोघं हसलो. पण हॉलमध्ये तेव्हा चाळीस माणसं होती, आणि त्यातली बरीचशी आमच्याच पैलवानांच्या घरची.

हमाल मात्र हसण्यापलीकडे गेला होता. बाजारात पूर्वी तो पोतं उतरवायचा, तेव्हा आजूबाजूचे "एक, दोन, तीन" म्हणायचे. आता म्हणेनासे झाले. रागानं नव्हे, त्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. घरी त्याची सात वर्षांची मुलगी विचारायची, "बाबा, तुम्ही काकाला का मारलंत?" खेळ आहे गं, असं तो म्हणायचा. ती म्हणायची, "ते माहितीये. पण का?" एका शनिवारी त्यानं कोट धुऊन, इस्त्री करून माझ्याकडे आणून दिला, आणि तो परत आला नाही.

त्यानंतर मालकांनी मास्तरांना बोलावलं आणि गोष्टी लिहायचं काम आपल्या पुतण्याकडे दिलं. आवाज चढला नाही. मास्तरांनी कपाटातली कॅलेंडरची पानं पिशवीत भरली आणि निघाले. निरोप घ्यायला ते सगळ्यांच्या समोर थोडा थोडा वेळ उभे राहिले, पण जो तो आपल्या कामात होता. मीही सुईत दोरा ओवत होते. ओवून झाल्यावर वर पाहिलं, तर ते गेले होते.

वर्षभर त्यांचा पत्ता नव्हता. मग एक दिवस दुपारी माझ्या घरी आले. वाळले होते. म्हणाले, "हमालाकडे जाऊन आलो. माफी मागायची होती."

"काय म्हणाला?"

"त्याच्या पाठीवर पोतं होतं. म्हणाला, बाजूला व्हा मास्तर, लागेल." ते भिंतीला टेकून बसले. "मग चहा पाजला त्यानं. मी विचारलं, मुलगी अजून विचारते का? म्हणाला, नाही, विसरली ती."

ही चांगली बातमी आहे की वाईट, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळेना.

मग त्यांनी खरं काम काढलं. छत्रीवाल्या काकूंचं घर मला माहीत होतं, त्यांचे पडदे मी शिवले होते. "मला घेऊन चला," म्हणाले. "ती गोष्ट कशी संपायची होती, ते त्यांना तरी सांगतो. मूळची. कुणाला तरी सांगायला हवी."

दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. काकूंनी दार उघडलं, मला ओळखलं, आणि मी मास्तरांची ओळख करून दिली. मास्तरांना उभ्या जन्मात त्यांनी पाहिलं नव्हतं. 'लिहिणारे' म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा आवळला, पण बसा म्हणाल्या. खुर्ची एकच होती. मास्तर तिच्यावर बसले, आम्ही दोघी पलंगावर.

मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. सुरुवातीला चाचरत, मग रंगून. डॉक्टर पोत्याआड कसा लपतो, हमाल दोनदा कसा पडतो, तिसऱ्यांदा उठताना धाकटा तोच मोडलेला हात दोरांमधून आत कसा घालतो आणि हमाल तो धरून कसा उभा राहतो. पट्टा काढून धाकट्याच्या हातात देतो तिथे ते खुर्चीवरून अर्धे उठले. काकू मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. मीही इतकी वर्षं तिथे असून हे पहिल्यांदाच ऐकत होते.

संपल्यावर काकू म्हणाल्या, "छान आहे. मग असंच का नाही केलंत?"

"सगळ्यांना आधीच कळलं होतं."

"अहो, कळलं होतं म्हणूनच तर येत होते मी!" त्या म्हणाल्या. "आमचे हे गेल्यापासून पुढच्या आठवड्यात काय होणार, एवढी एकच गोष्ट मला ठाऊक असायची. तेवढ्यासाठी दोन जिने उतरायचे." मग जरा नरम होऊन म्हणाल्या, "आता गुडघ्यांमुळे उतरताच येत नाही. तेव्हा तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका."

मास्तरांनी उठून खुर्ची होती तिथे सरकवून ठेवली. पुन्हा या, असं काकू म्हणाल्या नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. दार लावताना त्यांनी फक्त जिन्यातला दिवा लावून दिला.

पुढच्याच महिन्यात मास्तरांनी खोली सोडली आणि ते दुसऱ्या गावी गेले. तिथे औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम मिळालं आहे, म्हणतात. हॉल अजून चालतो. मालकांचा पुतण्या बरा लिहितो, आणि मी अजून ठिगळं लावते. रविवारी सकाळी मी मास्तरांना फोन करते. खूप वेळ वाजतो. मग ते उचलतात आणि म्हणतात, "हं, बोला ताई." त्यानंतर जे काही बोलायचं, ते मलाच बोलावं लागतं.