ताईच्या वाटणीची ऊब

माझे भावोजी कमी बोलायचे आणि जे बोलायचे त्यातलं निम्मं गाड्यांविषयी असायचं. उरलेलं निम्मं माझ्या ताईविषयी, पण ते ताईसमोर कधी नाही. लग्नाच्या दिवशी ते माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं: "तुमच्या पाहुण्यांच्या बसचा क्लच गेलाय. ड्रायव्हरला सांगून ठेव." मी तेव्हा शाळेत होते. असला रुक्ष माणूस ताईच्या पदरात पडला म्हणून मला रडू आलं होतं. परत निघताना बस खरोखरच बंद पडली आणि नवरदेव लग्नाच्या कपड्यांत तिच्या खाली शिरले. पाठवणीच्या फोटोंमध्ये ताईशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या कोपराला काळं ग्रीस आहे ते त्यामुळे.

आयुष्यभर त्यांनी ट्रक चालवले. त्यांना गर्व म्हणून एकाच गोष्टीचा होता, त्यांनी गाडी कधी वाटेत सोडली नव्हती. पंक्चर, तुटलेला पट्टा, गळका रेडिएटर, काहीही होवो, गाडी घेऊनच घरी यायचं. याबाबतीत ते नाकावर माशी बसू देत नसत. दुसऱ्या कुणाची गाडी ओढून आणली असं ऐकलं की ते नुसतं "हं" म्हणायचे, आणि त्या "हं"मध्ये त्या माणसाची पुरी अब्रू जायची.

उतारवयात लांबचे ट्रक झेपेनात, म्हणून ते गावातल्या लाँड्रीत लागले. खिंडीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळं तिथे धुतलं जाई. धुतलेलं घेऊन जायचं, मळलेलं घेऊन यायचं, हे त्यांचं काम. लाँड्रीच्या मालकिणीने त्याच वर्षी विजेवर चालणारी व्हॅन घेतली होती. भावोजी तिला मुकी म्हणत. इंजिनाच्या आवाजावरून गाडीची नाडी ओळखणारा माणूस, त्याच्यासमोर ही गप्प बसून फक्त एक आकडा दाखवायची: अजून इतके किलोमीटर जाईन.

त्या आकड्याला लाँड्रीतल्या बायकांनी थापाड्या असं नाव ठेवलं होतं. उन्हाळ्यात तो दोनशेच्या पुढच्या बाता मारायचा आणि बहुतेक निभावूनही न्यायचा. थंडी पडली की सकाळी दीडशे सांगायचा आणि खिंड चढेपर्यंत त्यातलेही भराभर गिळून टाकायचा. "काय हो, थापाड्या आज काय म्हणतोय?" असं कुणी विचारलं की भावोजी गंभीरपणे सांगायचे, "म्हणतोय पुष्कळ. संध्याकाळी बघू."

मग ताईची मूत्रपिंडं निकामी झाली. एक दिवसाआड डायलिसिस, तेही त्याच हॉस्पिटलात. माझी शाळेतली नोकरी संपली होती, मागेपुढे कुणी नव्हतं, म्हणून मी बोचकं उचलून त्यांच्या घरी राहायला आले. मालकीण म्हणाली, "व्हॅन जातेच आहे. वहिनींना पुढे बसवून घेऊन जात जा. मला विचारायलाही येऊ नका." ती बाई तोंडाने फटकळ होती, पण मी तिला कधी विसरणार नाही.

डायलिसिसनंतर ताईला हुडहुडी भरायची. ओठ निळे पडायचे, दात वाजायचे, दोन स्वेटर आणि शाल असूनही. डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या: एकही डायलिसिस चुकवू नका, आणि यांना गारठू देऊ नका. ऐकायला सोपं वाटतं. पण पोचायचं तेही त्याच बॅटरीवर आणि ऊब द्यायची तीही त्याच बॅटरीतून, ही खरी अडचण होती.

मला ते कळायला वेळ लागला. भावोजींनी एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं. "डिझेलच्या गाडीत ऊब फुकट मिळते. इंजिन तापतंच, तीच उष्णता आत सोडायची. हिच्यात तापणारं असं काही नाही. हीटर लावला की सरळ बॅटरीला तोंड लावतो. त्यात थंडीने बॅटरीही आखडते."

"माझ्या गुडघ्यांसारखी," मी म्हटलं.

"तुझे गुडघे बरे. निदान कुरकुरतात तरी."

पहिल्या थंडीत त्यांनी एक युक्ती काढली. लाँड्रीच्या घडीच्या टेबलावर कपडे नेहमी थंड होऊ देतात आणि मगच गठ्ठे बांधतात. भावोजींनी त्या बायकांना गळ घातली की डायलिसिसच्या दिवशी शेवटच्या चादरी ड्रायरमधून काढल्या काढल्या बांधून द्या. ते कढत गठ्ठे ते ताईच्या सीटमागे, पायाशी, कुशीला रचायचे. हीटर बंद, थापाड्या खूश, आणि ताई त्या गठ्ठ्यांत मजेत बसलेली. जाताना तरी ती उबेत असायची. आठवडाभर आमच्या घरात सण असल्यासारखं वाटलं.

मग हॉस्पिटलने गठ्ठे परत पाठवले. गरम बांधलेल्या चादरींना आत घाम सुटला होता आणि सगळ्यांना कुबट वास येत होता. मालकिणीने टेबलावरच्या बायकांना फैलावर घेतलं. जन्मभर घड्या घातलेल्या बायका तुम्ही, एवढं कळलं नाही? त्यातली सर्वांत वयस्कर बाई खाली मान घालून म्हणाली, "कळत होतं हो. पण वहिनींचं तोंड बघवेना." ते सगळे गठ्ठे पुन्हा धुवावे लागले. भावोजींनी यंत्रात घातले आणि बायकांनी मुकाट्याने घड्या घातल्या. तो उपाय तिथेच संपला.

येतानाचा प्रश्न तर होताच. येताना मागे मळकं कापड, त्याला कसली ऊब? हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात एक चार्जर होता. ताईची वेळ संपत आली की भावोजी आधीच खाली जायचे आणि प्लग काढण्यापूर्वीच हीटर सुरू करायचे. म्हणजे गाडी भिंतीतल्या विजेवर तापायची, बॅटरीला धक्का लागत नसे. ताई बाहेर येईपर्यंत आत छान उबदार झालेलं असायचं. बाकी रबरी पिशवीत गरम पाणी, पायावर रजई. असं करत त्यांनी एक अख्खा हिवाळा काढला.

दुसऱ्या हिवाळ्यातला तो दिवस. त्या दिवशी मीही बरोबर होते, मागच्या आडव्या सीटवर गठ्ठ्यांच्या शेजारी. सकाळी काचेवरचा बर्फाचा पापुद्रा भावोजींनी खरवडून काढला होता. जाणं सुरळीत झालं. परत निघायच्या वेळी पाहिलं तर चार्जरचा दिवाच विझलेला. गाडी सकाळपासून प्लग लावून उभी होती आणि पोटात काही गेलं नव्हतं. दुसरा चार्जर जवळपास नव्हता. ताईला तर धड उभंही राहवत नव्हतं. भावोजींनी आकड्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि गाडी काढली.

हीटर त्यांनी पूर्ण लावला होता. थोड्या वेळाने मला वाटलं, गार का लागतंय? पाहते तर भावोजी बाजूच्या आरशात बघत असताना ताईचा हात हळूच पुढे गेला आणि तिने हीटरचं बटण फिरवून कमी केलं. पुढच्या वळणावर भावोजींनी रस्त्यावरची नजर न काढता ते पुन्हा वाढवलं. मग पुन्हा ताई. मग पुन्हा ते. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. हे रोजचंच असावं असं मला वाटलं आणि माझं डोकं फिरलं.

"काय चाललंय तुमचं? भांडायचं तर तोंडाने भांडा की," मी म्हटलं.

ताई शालीतून म्हणाली, "त्यांनी जन्मात गाडी वाटेत सोडली नाही, धाकटे. माझ्यापायी सोडायला लागू नये."

"अगं, सोडली तर सोडली," भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "गाडी ओढून नेता येते. लोक हसतील, हसू देत. तू गारठलीस तर मी काय करायचं?"

एवढं ते ताईसमोर कधी बोलले नव्हते. ताईने हात रजईत घेतला आणि मग तो बाहेर काढला नाही.

खिंडीच्या पायथ्याशी आकडा उरलेल्या वाटेपेक्षा कमी झाला होता. चढ अजून पुढेच होता. भावोजींनी गाडी एका टायर दुरुस्तीच्या दुकानासमोर बाजूला घेतली आणि उतरले. काच वर होती तरी मला ऐकू आलं. आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेला तो माणूस त्या परक्या टायरवाल्याला म्हणत होता, "गाडी संपत आलीय. बायको आजारी आहे. जरा वीज देता का?"

टायरवाल्याने कॉम्प्रेसरची वायर उपटून आमची लावली. त्या साध्या सॉकेटमधून वीज अगदी थेंबाथेंबाने येत होती. आम्ही तिथे सगळी दुपार घालवली. प्लग लावलेला, हीटर चालू, ताई आत गाढ झोपलेली. भावोजी मात्र बाहेरच उभे, हात काखेत घालून. मी खुणेने आत बोलावलं तर त्यांनी मान हलवली. दार उघडलं की ऊब बाहेर जाते, म्हणून ते शेवटपर्यंत आत आले नाहीत. मी त्यांना जन्मभर रुक्ष म्हणत आले होते. त्या दुपारी मला माझीच लाज वाटली, आणि ताईचा हेवाही वाटला, हे खोटं कशाला बोलू.

दिवेलागणीला आम्ही घरी पोचलो. लाँड्रीत बातमी आमच्या आधी पोचली होती. बायकांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय हो, थापाड्याने फसवलं म्हणे?" भावोजी म्हणाले, "त्याचा काय दोष? त्याला काय माहीत गाडीत कोण बसलंय." त्यानंतर ते त्या टायरवाल्याच्या दारावरून जाताना दर वेळी गाडी हळू करून हात करायचे.

थंडी सरायच्या आत ताई गेली. डायलिसिसच्या पलंगावर, भर दिवसा, नर्सशी बोलता बोलता तिचं हृदय थांबलं. भावोजी तेव्हा खाली गाडी तापवत होते. मी त्या दिवशी घरी होते, मला फोन आला आणि मी मिळेल त्या गाडीने पोचले. तोवर ते तिच्या पायांशी बसून होते, तिचे पाय आपल्या हातांत धरून.

ताईला हॉस्पिटलच्या गाडीने घरी आणायचं ठरलं. मी तिच्याबरोबर बसले. भावोजींना म्हटलं, तुम्हीही बसा, व्हॅन कुणीतरी आणेल. ते म्हणाले, "मागे मळक्या चादरी आहेत. लाँड्रीत पोचवायला हव्यात." मला त्या क्षणी त्यांचा रागच आला. सगळ्या वाटेवर मी मागच्या काचेतून बघत होते. त्यांची व्हॅन आमच्या मागे होती, नेहमीसारखी सावकाश, शेजारची सीट रिकामी.

घरी आल्यावर शेजारीपाजारी जमले. मालकीण आली, टेबलावरच्या बायका कामावरच्या ॲप्रनसकट आल्या. भावोजी लाँड्रीतून सगळ्यांच्या नंतर आले. हातपाय गोठल्यासारखे झाले होते, बोटं वळत नव्हती. मी त्यांच्या अंगावर शाल टाकली आणि ओरडलेच, "असं कसं गारठलात? गाडीत हीटर नव्हता का?"

"लावलाच नाही," ते म्हणाले. "कुणासाठी लावायचा?"

ते उंबऱ्याशीच उभे राहिले. आतून कुणीतरी हाक मारत होतं, त्यांना ऐकू येत नव्हतं. माझ्याकडे न बघता हळू आवाजात, जसं एखाद्याला नुसती माहिती द्यावी तसं, ते म्हणाले, "बॅटरी निम्म्याहून जास्त उरलीय. तिला अजून एकदा नेऊन परत आणता आलं असतं."