काचेवर आपटलेला नवरंग

मुलुंडला डोंगराच्या बाजूच्या एका जुन्या सोसायटीत इरावती साळवे तळमजल्यावर राहतात. पालिकेच्या इस्पितळात अपघात विभागात नर्स म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली. त्या निवृत्त झाल्या, पण आवाजातली जरब काही निवृत्त झाली नाही. सोसायटी अजूनही त्यांना ‘सिस्टर’च म्हणते.

रात्रपाळी करून आलं की लगेच झोप लागायची नाही. मग चहाचा कप घेऊन मागच्या दारी बागेत बसायचं, तिथून त्यांना पक्ष्यांचा नाद लागला. पाऊस सरला की शेपूट हलवत परीट पक्षी यायचा. मे संपता संपता दक्षिणेकडून येणारा नवरंग दोन दिवस टेकायचा. हिरवी पाठ, पोटाखाली लालभडक. त्याला वाळक्या पानांतले किडे लागतात, म्हणून सिस्टर जांभळाखालचा पाचोळा कुणाला झाडू देत नाहीत.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी वरून धाडकन आवाज आला. पहिल्या मजल्यावरच्या देवदत्तने खिडकीला नवी मोठी काच बसवली होती. तिच्यावर आपटून नवरंग कढीपत्त्याखाली पडला. देवदत्त पाण्याची बाटली घेऊन धावत खाली आला.

“सिस्टर, गेला वाटतं हा! पाणी पाजू?”

“अजिबात नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततोस का? बुटांचा खोका आण. झाकणाला भोकं पाड.”

त्यांनी टॉवेलात पक्षी उचलला. पंख मोडलेला नव्हता, पण छाती नुसती धडधडत होती. खोका अंधाऱ्या बाथरूममध्ये ठेवून त्यांनी दार ओढून घेतलं.

“एकदाच बघू का?” देवदत्तने विचारलं.

“भेटायची वेळ नाही ही.”

तो पायरीवर मान खाली घालून बसला. “माझ्याच काचेमुळे झालं ना?”

“हो, तुझ्याच,” सिस्टर म्हणाल्या. “म्हणून काय बसून राहणार? काचेवर बाहेरून दोऱ्या बांध, चार-चार बोटांवर. काचेत झाडं दिसली की पाखरांना तीच वाट वाटते; ती बंद दिसली पाहिजे.”

बोलणं ठणठणीत होतं, तरी त्यांचा कान बाथरूमच्या दाराकडेच होता. अपघात विभागात असे कितीतरी त्यांच्या हाताखालून गेले होते. सगळेच काही वाचले नव्हते.

उन्हं चढली तशी खोक्यात खरखर सुरू झाली. त्यांनी पाचोळ्याशेजारी खोका ठेवून झाकण काढलं. नवरंगाने इकडेतिकडे पाहिलं आणि पंखांवरची निळाई दाखवत तो भुर्रकन जांभळात शिरला.

“झकास!” देवदत्त ओरडला.

“हळू रे. पेशंट आहे तो.”

दुसऱ्या दिवशी पहाटे जांभळातून त्याची शीळ आली, त्यानंतर नाही. तो पुढच्या वाटेला लागला होता.

थंडीत एकदा देवदत्तने वरून हाक मारली, “सिस्टर, लवकर वर या! समोरच्या फुललेल्या सावरीवर गुलाबी पक्ष्यांचा थवा उतरलाय!”

सिस्टर जिना चढून गेल्या, दोऱ्या बांधलेल्या त्या खिडकीशी खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या.

“भोरड्या आहेत,” त्या म्हणाल्या. “आता चहा टाक. या काही लवकर उठत नाहीत.”