हौदातल्या माशांची खबर

मे महिन्यातली दुपार, हौदातलं पाणी त्रेचाळीस अंश, हजर मी एकटा. एवढंसुद्धा मी आजवर कोणापुढे बोललेलो नाही. मंदापुढेही नाही, आणि तिच्याशी संसार करता करता केस पांढरे व्हायला आले. तुम्हाला सांगतो. का सांगतो ते विचारू नका, मलाही ते नीट माहीत नाही.

मी देवळीला एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. कापसाचा हंगाम सरला की काम कमी होतं, म्हणून उन्हाळ्यात मी बहुतेक वर्ध्याजवळ नालवाडीच्या घरीच असतो. चुकलेला आकडा मला सोसत नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही — पुढे जे सांगायचं आहे, त्यात माझा एकही आकडा चुकीचा नव्हता, म्हणून सांगतो.

दादा, माझा थोरला भाऊ, आमच्याकडेच राहायचा. त्यानं लग्न केलं नाही. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून तो निवृत्त झाला. तरुणपणी तो हिमाचलात ट्राउट माशांवर संशोधन करायला गेला होता. ट्राउट म्हणजे डोंगरातल्या थंडगार ओढ्यांतला मासा. पाणी किती अंशांवर असलं की तो किती जोरात पोहतो, हे दादा मोजायचा. एखाद्या दिवशी मोजता आलं नाही तर त्या दिवसाची जागा रिकामी ठेवायची, अंदाजानं भरायची नाही, ही त्याची शिस्त होती. मग आमचे वडील आजारी पडले, दादा परत आला आणि ते काम तिथेच राहिलं. वर्ध्याच्या उन्हात ट्राउट कुठून जगणार? त्यानं परसात सिमेंटचा हौद बांधला आणि गोल्डफिश सोडले. हेही मुळात थंड पाण्याचेच, म्हणायचा, पण सोशिक.

माशाच्या अंगात आपल्यासारखी शेगडी नसते, असं तो सांगायचा. पाण्याची ऊब तीच त्याची ऊब. हिवाळ्यात पाणी गारठलं की त्याचे स्नायू मंदावतात आणि तो तळाशी संथ राहतो. पाणी कोमट होत जातं तसा पोहण्याला जोर येतो — पण एका हद्दीपर्यंतच. त्यापुढे पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि माशाला तर तो जास्तच लागतो. मग त्याचा सगळा जीव श्वासातच खर्च होतो, पोहायला काही उरत नाही. तो वर येऊन तोंड उघडं टाकून लटकून राहतो. हे मी कितीदा ऐकलं असेल? कंटाळून ऐकलं, पण ऐकलं होतं.

त्या वर्षी दादाला लकवा मारला. उजवी बाजू गेली. समोरच्या खोलीतल्या खाटेवरून परसातला हौद दिसत नव्हता, आणि त्याला उचलून मागे न्यायला दोन माणसं लागायची. मंदा लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली. घरात आम्ही दोघंच.

रोज संध्याकाळी तो हाक मारायचा, "सुध्या, पानी किती?" मी हौदात थर्मामीटर बुडवून यायचो आणि आकडा सांगायचो. मग पुढचा प्रश्न, "अन् गडी कसे पोहून राह्यले?" माशांना तो गडी म्हणायचा.

"तो पांढऱ्या शेपटीचा पडून हाय कोपऱ्यात," मी एकदा म्हणालो. "आळशी हाय तुझ्यासारखा."

"मी आळशी नाई बे, मले लकवा हाय," असं म्हणून तो अर्ध्या तोंडानं हसला होता.

दिवसभरातलं हसणं म्हणजे तेवढंच. त्याला भेटायला कोणी येत नव्हतं. परसातले ते पाच मासे तो माझ्या डोळ्यांनी पाहत होता — दुसरे डोळे त्याला नव्हतेच.

उन्हाळ्यात हौदाचं पाणी आटायचं. त्यासाठी दादानं कडुनिंबाखाली एक ड्रम ठेवायला लावला होता, भोवती ओलं गोणपाट गुंडाळून. हौदात भर घालायची ती याच ड्रममधली, संध्याकाळी, थोडी थोडी. गच्चीवरच्या टाकीचं पाणी हौदात घालायचं नाही. मेमध्ये त्या पाण्यात हात धरवत नाही, हे वर्ध्यात कोणाला सांगावं लागतं का?

त्या दिवशी नळ आला नाही. माझ्या खोलीतला कूलर कोरडा पडला होता. दादाच्या खोलीतल्या कूलरमध्ये पाणी होतं. त्याच्याजवळ जाऊन पडलो असतो तर दोघांचं एकाच कूलरमध्ये भागलं असतं. पण मला त्या खोलीत जायचं नव्हतं. तिथे औषधाचा, लघवीचा वास यायचा. आणि तो बोलत राहायचा — तेच ते ओढे, तेच ते मासे. टाकीचं पाणी कढत आणि मला कूलरला गार पाणी हवं होतं, म्हणून मी ड्रममधलं सगळं पाणी बादलीबादलीनं काढून माझ्या कूलरमध्ये ओतलं. हौद अर्ध्यावर आलेला दिसत होता. तो तसाच ठेवून झोपलो असतो तरी मासे कदाचित तगले असते. पण संध्याकाळी भर घालायला ड्रममध्ये पाणी उरलं नव्हतं, आणि मला उठायचंही नव्हतं — म्हणून गच्चीवरच्या टाकीची नळी हौदात सोडली आणि भर दुपारी तो काठोकाठ भरला. मग सवयीनं थर्मामीटर बुडवला. त्रेचाळीस.

मी पाहिलं. मासे आधी वेड्यासारखे धावले, भिंतींवर आपटले. मग वर आले. मग आडवे झाले. मी तिथे उभा होतो. नंतर जाऊन झोपलो — कूलर छान चालला होता.

उठल्यावर कडुनिंबाखाली खड्डा करून ते पुरले.

संध्याकाळी हाक आली. तोवर पाणी बरंच निवलं होतं; किती, ते मी मोजून सांगितलं, खरं खरं. गडी कसे आहेत, म्हणाला. मजेत आहेत, म्हणालो. दुसऱ्या दिवशीही तेच. रोज मासे नसलेल्या हौदात थर्मामीटर बुडवायचा, आकडा खरा सांगायचा आणि मासे मनानं रचायचे. पांढऱ्या शेपटीच्याला तर मी बराच चपळ केला होता. दादा डोळे मिटून ऐकायचा.

मग एक दिवस फार तापला. "छत्तीस," मी सांगितलं.

"अन् गडी?"

"सुसाट दादा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळून राह्यले."

त्यानं डोळे उघडले. "छत्तीसले?"

"हो ना."

तो माझ्याकडे बघत राहिला. इतक्या तापल्या पाण्यात गोल्डफिश पळत नाही, तोंड वर करून लटकतो — हे त्यानं मला आयुष्यभर सांगितलं होतं. मीही तेव्हाच समजलो, की मी काय बोलून बसलो. मी थर्मामीटर पुसत बसलो.

"बरं," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाणी किती ते विचारलं. मी सांगितलं आणि पुढच्या प्रश्नासाठी थांबलो. त्यानं तो विचारला नाही. त्यानंतर कधीच विचारला नाही. मीही आपणहून काही सांगितलं नाही.

जूनमध्ये मंदा आली. पिशवी ठेवून आधी परसात गेली आणि तशीच परत आली. "अवो, हौदात तं एकबी मासा नाई! कुठी गेले?"

मी उत्तर जुळवत होतो. खाटेवरून दादा बोलला.

"मीच द्याले लावले, मंदाबाई. नाचणगावचा माझा एक जुना विद्यार्थी हाय, तो घेऊन गेला. सुध्याले लय तरास होऊन राह्यला होता त्याईचा." जरा दम घेऊन त्यानं आणखी सांगितलं, "विहिरीत सोडले म्हने त्यानं. पानी गार हाय तिथलं."

मंदानं माझ्याकडे पाहिलं. दादानं पाहिलं नाही.

"हो," मी म्हणालो.

दिवाळीच्या आधी दादा गेला. मधले सगळे महिने मी रोज त्याच्या खोलीत बसत होतो. सांगितलं नाही.