एरंडेल पिणारी गाडी विकणे आहे

लग्न होऊन मी पिंपरीच्या खोलीत आले तेव्हा तिथं एक बिऱ्हाड आधीच होतं. ती एक शर्यतीची मोटारसायकल होती. दहा बाय बाराच्या खोलीत एका बाजूला चूल, एका बाजूला आम्ही आणि पूर्वेच्या भिंतीला ती. तिच्या अंगावर घोंगडी असे. माझ्या अंगावरची चादर विरली होती, पण त्याची चर्चा आमच्यात व्हायची नाही.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमचे हे देहूरोडला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मायदेशी निघालेला एक गोरा साहेब ही गाडी ह्यांच्या गळ्यात मारून गेला. गळ्यात मारून हे माझे शब्द, ह्यांचे नव्हेत. विलायतेत म्हणे तिनं शर्यती जिंकल्या होत्या. आमच्याकडे येऊन तिनं जिंकली ती फक्त पूर्वेची भिंत.

तिला दिवा नव्हता, भोंगा नव्हता, मागे बसायला जागा नव्हती. म्हणजे बायकोची सोय करायची नाही हे ज्यानं ती बनवली त्यानंच ठरवलं होतं. तिला लाथ मारून सुरू करता येत नसे. तिच्या बरोबरीनं पळायचं आणि पळता पळता वर उडी टाकायची. हे पळत, मागून चाळीतले दोघे ढकलत, आणि एकदा ती सुरू झाली की समोरच्या गोठ्यातली म्हैस दूध चोरायची. शिवाय तिच्या इंजिनात तेल घालायचं ते एरंडेल. ती फिरून आली की सगळ्या चाळीला तो वास येई आणि शेजारणीची मुलं औषध पाजतील या भीतीनं लपून बसत.

माझी आई तेव्हा नगरकडे आमच्या गावी एकटी होती. वडील गेले होते, भाऊ पलटणीत होता. तिची नजर मंद झाली होती. चुलीतला विस्तव हाताला लागल्यावरच तिला कळायचा. तिला आणायचं हे माझ्या मनानं घेतलं. हे नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "आणू की. जागा झाली की आणू." आणि जागा होती ती पूर्वेच्या भिंतीलाच.

तेव्हा गाडी विकायची ठरली. ह्यांनी स्वतःच्या हातानं पाटी लिहून हमरस्त्यावरच्या सायकलवाल्याकडे टांगली. 'विकणे आहे. शर्यतीची विलायती मोटारसायकल. दिवा नाही, भोंगा नाही. हौशी माणसानेच यावे.'

हौशी माणसं आली. मी त्यांच्यासाठी चहा करत राहिले आणि हे त्यांना परत पाठवत राहिले. गिऱ्हाईक गाडी बघायच्या आधी हे गिऱ्हाइकाला बघत. आधी त्याचा हात हातात घेऊन तळवा दाबून पाहत. पुण्याहून काळा चष्मा लावून आलेल्या कॉलेजातल्या पोराचा तळवा मऊ निघाला, तो गेला. एका कंत्राटदाराचं पोट टाकीला टेकलं, तोही गेला. एका फोटोवाल्याला ती स्टुडिओत ठेवून लोकांना वर बसवून फोटो काढायचे होते. हे म्हणाले, "उभीच ठेवायची तर माझ्याकडे काय निजलीय?" फोटोवाला चहा न पिताच उठला. तेवढीच साखर वाचली.

शेवटी माझं डोकं फिरलं. "तुम्हाला गाडी विकायचीच नाही. माझी आई तिकडे हात भाजून घेतेय आणि तुम्ही लोकांचे हात बघत बसलाय." हे फडकं घेऊन गाडी पुसत बसले. त्यांचं हे पुसणं मला भांडणापेक्षा जास्त छळायचं. मी त्याच दिवशी आईला पत्र टाकलं, की जागा झाली आहे, ये. धडधडीत खोटं लिहिलं आणि त्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

आई एस.टी.नं आली. उंबरा ओलांडताच गाडी चाचपली, वास घेतला आणि विचारलं, "ही एरंडेल पिती व्हय? मग पोट तरी साफ आसंल." पहिले चार दिवस ती चाक आणि भिंत यांच्या मधल्या फटीत निजली. पाचव्या दिवशी म्हणाली, "मी जाते बाई. जावयाच्या घरात असं पडून ऱ्हायचं बरं न्हाई." मी रडकुंडीला आले. जागेची अडचण आहे, गाडी गेली की ऐसपैस होईल, असं मी तिला समजावत राहिले. ती म्हणाली, "मग बाजारात का न्हेत न्हाई?"

माझे वडील बैलांचे दलाल होते. आईनं जन्मभर त्यांच्या मागे बाजार केले होते, त्यामुळे विकायची वस्तू बाजारात न्यायची एवढंच तिला ठाऊक. चाकणचा बाजार दोन दिवसांवर होता. "सापडलं गिऱ्हाईक तर बघा," एवढं म्हणून ह्यांनी रजा काढली. कुणी सापडणार नाही याची त्यांना खात्री होती. गाडी चालवत नेतो म्हणाले तर आईनं अडवलं. "बाजारात जनावर दमवून न्हेत न्हाईत, जावईबापू." म्हणून विलायतेत शर्यती जिंकलेली ती गाडी बैलगाडीत दोरखंडानं बांधून चाकणला निघाली. शेजारी आई आणि मी बसलो. हे मागून सायकलवर, ओळख नसल्यासारखे अंतर ठेवून येत होते.

बाजारात बैलांच्या रांगेत ती बैलगाडीतच उभी राहिली आणि हां हां म्हणता गर्दी जमली. लोकांनी टाकीवर थापा मारल्या, चाकं दाबली. किती दाती आहे म्हणून एकानं गंभीरपणे विचारलं. आई तितक्याच गंभीरपणे म्हणाली, "जुळली हाय." म्हणजे दात पूर्ण आलेत, ऐन उमेदीत आहे. हे तोंड फिरवून उभे होते.

मग मोशीचा एक शेतकरी आला. विहिरीवर पाणी काढायला त्याला इंजिन हवं होतं. मागचं चाक काढून ते पंपाला जोडायचं त्याच्या मनात होतं.

"शर्यतीचं इंजिन आहे हे," ह्यांचा आवाज चढला.

"मग बेस झालं," तो म्हणाला. "पाणी लौकर यील."

"अहो, पळताना वारा लागतो म्हणून ते गार राहतं. एका जागी तापून जाईल."

"मळ्यात वारा हाय की."

"तसला वारा नाही चालत." हे वैतागून खाली बसले आणि काटकीनं धुळीत काढून दाखवू लागले, की असा पंखा बसवावा लागेल, असा पट्टा, इथं पत्र्याचा आडोसा. शेतकरीही शेजारी उकिडवा बसला. तो विचारत होता ते प्रश्न बिनचूक होते. पंखा मोडला तर कुठल्या मापाचा आणू, तेल किती दिवसांनी बदलू, उन्हात ठेवलं तर चालेल का. इतक्या वर्षांत ह्यांना असं कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मला ते तिथं उभं राहून कळलं आणि लाज वाटली.

चित्र पुरं झालं तसं शेतकऱ्यानं खांद्यावरचं उपरणं पुढं केलं आणि त्याखाली हात धरला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. फडक्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबतात, दाबलेल्या बोटांवरून आकडा कळतो. ह्यांना त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. समोर हात आला, ह्यांनी सवयीनं तो घेतला आणि नेहमीसारखा तळवा दाबून पाहिला. बोटं पाहिली, अंगठ्याचं मूळ पाहिलं, पुन्हा एकदा बोटं पाहिली. शेतकऱ्यानं क्षणभर विचार केला, मान हलवली आणि उपरणं झटकून म्हणाला, "चालंल. दिली म्हना."

ह्यांनी आईकडे पाहिलं.

"फडक्याखालचा शब्द मोडत न्हाईत, जावईबापू," आई म्हणाली. "तुमीच भाव केला, त्यानं मानला."

मला वाटलं, आता हे उसळणार. हे आपल्याच हाताकडे बघत राहिले. मग शेतकऱ्यानं दिलेल्या नोटा न मोजताच खिशात घातल्या आणि दोरखंड सोडायला लागले. किती बोटं दाबली गेली ते मी विचारलं नाही आणि त्यांना तरी कुठं ठाऊक होतं. परतीच्या वाटेवर ते एकच वाक्य बोलले. "हात चांगले आहेत त्याचे."

घरी आलो तर खोली एवढी मोठी वाटली की मला कुठं उभं राहावं कळेना. मी आईचं अंथरूण भिंतीला घालायला घेतलं आणि पाहते तर आई गाठोडं बांधत होती.

"आता तर जागा झाली," मी म्हणाले.

"तुमाला झाली. सकाळच्या एस.टी.नं जाते मी. लेकीच्या घरी पावनी म्हनून चार दिस बरी. जावयाच्या भाकरीवर किती दिस ऱ्हायचं?"

अडचण जागेची नव्हतीच. मी ह्यांची गाडी घालवली आणि आई जायची ती जाणारच होती. मी चुलीकडे तोंड करून रडले, लपवायचाही प्रयत्न केला नाही.

हे दारात हात पुसत उभे होते. म्हणाले, "मामी, दलाली घेतल्याशिवाय जाता?"

"घरच्या येव्हारात कसली दलाली?"

"मामांनी घरच्या व्यवहारात सोडली असती?"

आईला खरं सांगावं लागलं. "न्हाई. त्यांनी सख्ख्या भावाकडनंबी घेतली."

ह्यांनी कोनाड्यातला खडू घेतला. गाडी जिथं उभी असायची तिथं गुडघ्यावर बसून जमिनीवर एक लांबट चौकट आखली, भिंतीपासून भिंतीपर्यंत. "हा तुकडा तुमचा. ह्याच्यावर माझा हक्क नाही की हिचा नाही. इथं राहिलात तर तुम्ही जावयाकडे राहत नाही, स्वतःच्या जागेत राहता. भाकरीचं म्हणाल तर भांडी घासत जा, फिटेल."

आईनं वाकून हातानं ती रेघ चाचपली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश गेली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वरची खुंटीबी पायजे."

"खुंटीवर माझा सदरा असतो."

"मग जाते मी."

ह्यांनी सदरा काढून घेतला.

आई त्या तुकड्यावर मरेपर्यंत राहिली. खडू तर आठवड्यात पुसला गेला, पण कधी दुपारी मी थकून तिथं आडवी झाले तर ती मला उठवायची नाही. फक्त म्हणायची, "इचारून निजत जा गं."