बेंदराचा लसूणघास

चन्नाप्पाच्या घरी कर्नाटकी बेंदराला, बैलांच्या सणाला, एकही मुकं जनावर गोडाधोडावाचून राहायचं नाही. बैलांना पोळी, म्हशीला पोळी, दारच्या कुत्र्यालासुद्धा पोळी. जन्म गोठ्यात गेलेला असला माणूस कागलच्या एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायला ठेवल्यावर दुसरं काय होणार?

दोन हजार सहा-सात सालची गोष्ट. त्या उंदरांच्या अंगावर केस नव्हते आणि अंगात रोगाशी झुंजायची ताकद नव्हती. त्यांच्या पोटात कॅन्सरची गाठ वाढवायची, औषध द्यायचं, गाठीला चिकटणारा रंग टोचायचा आणि गुंगी देऊन काळ्या पेटीत कॅमेऱ्याखाली निजवायचं. वरून उजेड सोडला की गाठ चमकायची. सुरी न लावता आतलं दिसायचं. लंगडी नावाच्या उंदरिणीच्या गाठीची चमक दर खेपेला ओसरत होती. "पूर्ण विझली तर हिला मारायचं नाही, सांभाळायचं," असं प्रयोग चालवणाऱ्या संघप्रिया मॅडमनी कबूल केलं होतं. चन्नाप्पाचा जीव त्या शब्दात अडकला होता.

बेंदराच्या सकाळी त्याच्या बायकोनं, रत्नव्वानं, डबा देताना विचारलं, "आणि तुमच्या उंदरास्नी काय?" बाहेरचं काही आत न्यायचं नाही, हे त्याला पाठ होतं. तरी बांधावरचा लसूणघास, गुरांचा हिरवा चारा, त्यानं स्वच्छ धुतला आणि अंगरख्याखालून नेला. सगळ्या पिंजऱ्यांत चिमूट-चिमूट टाकला, लंगडीला जरा जास्तच.

दुपारी पडद्यावर लंगडीचं अख्खं पोट पेटलं. मॅडम मटकन खाली बसल्या. "पसरलं, चन्नाप्पा."

चन्नाप्पा पुढं झाला. "मॅडम, सकाळी म्या घास घातलाय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. हिरवा पालाही त्या उजेडात चमकतो. रोग पसरलाच नव्हता!

"मग वाचली की!" चन्नाप्पा हसलाच.

मॅडम हसल्या नाहीत. घासाबरोबर शेतातले जंतूही आत आले असणार. आता त्या खोलीतल्या एकाही उंदराचा भरवसा नव्हता. त्यांनी वरच्या साहेबांना फोन करून पुन्हा पुन्हा विनवलं. हुकूम एकच आला, खोली रिकामी करा, एकही उंदीर ठेवू नका.

"मला घालवा की कामावरनं. त्यांचा काय गुन्हा हाय?"

"माझ्या हातात नाही हो," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या.

पिंजरे गॅसच्या पेटीपर्यंत न्यायचं काम चन्नाप्पाचंच होतं. ते त्यानं केलं. लंगडीच्या मिशीला अजून पाला चिकटलेला होता.

संध्याकाळी गल्लीत बैलांपुढं हलगी कडाडत होती. रत्नव्वानं ताटात पोळी वाढली. "खाल्ला का वो त्यांनी घास?"

"खाल्ला की," तो म्हणाला. "लई आवडीनं खाल्ला."